काचेवरचा दाणा

"कुणी बघितलंय?"

हे विचारताना चाचांचा उजवा हात आपोआप वर जायचा. अंगठा आणि पहिल्या बोटात काचेची पट्टी धरल्यासारखी चिमूट, एक डोळा बारीक, तोंड उजेडाकडे. हातात काच असो वा नसो. तुम्ही त्यांना सांगा, की दौंडच्या बाजारात नवीन दवाखाना निघतोय, की अमक्याच्या मुलीचं लग्न मोडलं, की आज कँटीनमध्ये मिसळ आहे. हात वर. "कुणी बघितलंय?"

मिसळीच्या बाबतीतसुद्धा. "ऐकलंय चाचा," असं कुणी म्हटलं की ते डबा उघडून घरची भाकरी काढायचे. ऐकलेल्या मिसळीच्या भरवशावर ते कधी राहिले नाहीत.

ज्या कारखान्यात आम्ही दोघांनी नोकरी केली त्याचं नाव मी सांगणार नाही. भीमेच्या बाजूचा, उसाचा, एवढं पुरे. मी प्रयोगशाळेत होते. नमुने तपासायचे, आकडे कोष्टकात भरायचे, कोष्टकांची यादी करायची आणि याद्यांची फाईल. मला हे काम आवडायचं, अजूनही आवडतं. किराणा आणायला जाताना मी दुकानाच्या क्रमाने यादी करते. चाचा याच्या नेमके उलट. त्यांनी आयुष्यात एक ओळ लिहून ठेवली नव्हती आणि लिहिलेल्या कशावर त्यांचा विश्वास नव्हता.

ते पॅनमन होते. ज्यांनी साखर कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पॅन म्हणजे खोलीएवढं मोठं बंद भांडं. पोटाला जाड काचेच्या खिडक्या. आतली हवा पंपाने खेचून घेतात, म्हणजे उसाच्या रसाचा पाक कमी उष्णतेवर उकळतो आणि त्यात साखरेचा दाणा धरतो. हा दाणा केव्हा धरला, किती वाढला, हे पॅनमन ठरवतो. एक लांब दांडा आत सारून तो पाकाचा थेंब बाहेर काढतो, काचेच्या पट्टीवर फासतो आणि दिव्यासमोर धरून पाहतो. कधी कधी चांगल्या दाण्यांच्या मध्ये धुळीसारखा बारीक नको असलेला दाणा उठतो. त्याला खोटा दाणा म्हणतात. तो वेळीच विरघळवला नाही तर सगळा पॅन चिकट होऊन बसतो.

चाचांना खोटा दाणा इतरांच्या आधी दिसायचा. प्रयोगशाळेत माझ्याकडे सूक्ष्मदर्शक होता. मी नमुना लावून, बघून, कागदावर लिहून वर जाईपर्यंत त्यांनी पाणी सोडलेलं असायचं. "बाई, तुमचा कागद यायच्या आत साखर चहात पडंल," असं म्हणायचे.

त्यांची एक काच कायम शर्टाच्या खिशात असे. लग्नाच्या पंगतीत बसले की आधी बुंदीवर भुरभुरलेली नाहीतर वाढप्याच्या वाटीतली साखर काचेवर घ्यायचे. "ही आपली न्हाई. जोडदाणा हाय, दोन दाणे चिकटल्याले." यजमान कानकोंडे व्हायचे. कारखान्याच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता, पाळी बदलायच्या भोंग्यावर नव्हता. व्हॅक्यूमचा काटा वाचण्याआधी ते त्याला बोटाने दोन टिचक्या मारायचे, झोपलेल्या माणसाला उठवावं तसं.

ते घोड नदीच्या काठचे, शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या अलीकडच्या वस्तीवरचे. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या तिथल्या सगळ्यांच्या विहिरींवर काम केलेलं. इनामगावात उत्खनन झालं तेव्हा तरुणपणी चाचांनी तिथे घमेली उचलली होती. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे माणसं राहत होती, हे त्यांना एकदम मान्य होतं. मला आश्चर्य वाटलं. त्यांनी खुलासा केला, "मडकं माझ्या हातानं निघालं. त्याच्यात जळका दाणा हुता धान्याचा. मी बघितला." मग जरा थांबून म्हणाले, "वर्षाचा आकडा साहेब लोकांचा. त्यो मी न्हाई बघितला."

अशा माणसाला मला इंटरनेटवर बसवायचं होतं.

दोन हजार सालानंतरची दोन-चार वर्षं. आमच्या कार्यकारी संचालकांनी कुठल्यातरी शिबिरात ऐकलं, की एकाच प्रकारचं काम करणाऱ्या माणसांना इंटरनेटवर एकत्र आणलं की कामात नव्या सुधारणा आपोआप होतात. एकाने अडचण लिहायची, दुसऱ्याने उपाय सांगायचा, तिसऱ्याने करून बघायचा. बारा-तेरा कारखान्यांच्या बॉयलिंग हाऊसच्या, म्हणजे पाक उकळण्याच्या विभागातल्या, लोकांचा एक ई-मेल ग्रुप निघाला. साहेब त्याला नॉलेज ग्रुप म्हणत. कामगार त्याला संगणकावरचा पार म्हणत. मला याद्यांची सवय म्हणून आमच्याकडची जबाबदारी माझ्याकडे आली. मी लगेच तक्ता आखला: तारीख, अडचण, उपाय, कुणी सांगितला, कुणी करून पाहिला, गुण आला का.

कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणते. पण त्याच सुमाराला एका कंत्राटदार कंपनीची माणसं पॅनच्या मजल्यावर फिरू लागली होती. मापं घेत होती. पॅनमनच्या जागी साधा ऑपरेटर आणि त्याच्या हातात छापील सूचनांचा कागद, असा त्यांचा प्रस्ताव होता. ग्रुपवर जे उपाय जमतील त्यातूनच तो कागद बनणार, हे मला माहीत होतं. मी चाचांना ते सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

"पलीकडं कोण बसलंय ते दिसत न्हाई, आन् आपण बोलायचं?" ते संगणकाच्या खोलीच्या दाराशी चपला काढून उभे राहिले. "त्यो समजा ऐकत आसंल, तर कशापायी ऐकतोय?"

"शिकायला, चाचा."

"कुणी बघितलंय?"

ते हंगाम संपताना निवृत्त होणार होते. त्यांना स्वतःची काळजी नव्हती. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दोन पॅनमन होते, दोघांची वीस-वीस वर्षं पॅनवर गेलेली. कागद चालला तर त्या दोघांच्या जागा जाणार होत्या. चाचा संशय घेत होते तो याचा. आणि मी संशय घेत होते चाचांचा. हा माणूस माहिती दाबून ठेवणार, माझा तक्ता रिकामा राहणार, आणि साहेब मला विचारणार.

म्हणून ते एके दिवशी आपण होऊन आले तेव्हा मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली.

"लिव्हा बाई. खोटा दाणा कसा घालवायचा त्ये लिव्हा."

सगळीकडची नेहमीची अडचण ती. त्यांनी सांगितलं ते मी टाइप केलं: स्टीम किती कमी करायची, गरम पाणी किती आणि कसं सोडायचं, काच किती वेळाने बघायची. त्यांनी त्याचा कागद छापून मागितला, उजेडासमोर धरून उलटसुलट पाहिला आणि खाली सही केली. ई-मेलला सही लागत नाही, असं मी म्हटलं. "मग उद्या आपण काय सांगितलं ह्याच्या साक्षीला कुणाला बोलावणार?" म्हणून तो सही केलेला कागद माझ्या फाइलीत गेला. संगणकावर मजकूर गेला.

पंधरा दिवसांत माझा तक्ता भरला. एकेक उत्तर यायला लागलं. "उपाय अमलात आणला. उत्तम गुण." "आमच्याकडे यशस्वी. आभार." एकाने तर वेळ किती वाचला त्याचा आलेखही जोडला होता. अकरा कारखाने. अकरा बरोबरच्या खुणा. मी ती यादी दोनदा सुवाच्य अक्षरात काढली. अशा सरळ रेषेत उतरलेल्या खुणा बघायला मला फार बरं वाटतं.

बारावं उत्तर नगरकडच्या एका कारखान्यातून आलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं, तेव्हा सगळे तसंच लिहीत. लिहिणारा स्वतः पॅनमन होता. त्याची मुलगी सायबर कॅफेत जाऊन त्याच्यासाठी टाइप करत होती, हेही त्याने सांगून टाकलं होतं.

"तुम्ही सांगितलं तसं तीन पॅनला केलं. जमलं नाही. खोटा दाणा जातो आणि पंधरा मिनिटांत परत येतो. उस्ताद, तुमची एक गोष्ट सांगायची राहिली आहे. का राहिली ते मला कळतं. काय राहिली ते सांगा."

मी कागद छापून वर गेले. चाचा पॅनच्या खिडकीशी उभे होते. त्यांना वाचून दाखवला. त्यांनी काच पुसली, खिशात ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे मोकळेपणाने हसून पाहिलं.

"म्हंजी एक जण उभा हाय म्हनायचा पॅनवर."

मला उलगडायला थोडा वेळ लागला. मग राग आला.

"चाचा, तुम्ही मुद्दाम अर्धवट सांगितलंत?"

"व्हय."

"माझ्या हातून? माझ्या नावाने गेलंय ते! कुणाचा पॅन बिघडला असता म्हणजे?"

"बिघडत न्हाई. खोटा दाणा परत येतो, रोज येतो तसा. आमच्या उस्तादानं मला असंच शिकवलं. एक गोष्ट पोटात ठेवायची. जो खरंच करंल त्यो आडंल, आन् आडला की इचारायला यील. त्याला सांगायचं. बाकीच्यांनी नुसतं ऐकलेलं आसतंय."

"अकरा जणांना गुण आलाय."

"कशाचा गुण आला?" ते म्हणाले. "मी एक गोष्ट लपवली बाई. त्यांनी तर पाणीच सोडलं न्हाई. तुमची यादी जरा उजेडाला धरा की."

मी खाली आले. अकरा उत्तरं पुन्हा काढून वाचली. एकाही उत्तरात दाण्याबद्दल अक्षर नव्हतं. आलेख जोडणाऱ्याने ज्या आठवड्यात वेळ वाचवला, त्या आठवड्यात त्याचा कारखाना बंद होता. त्यानेच आधीच्या पत्रात लिहिलं होतं आणि मीच ते नोंदवलं होतं. माझ्याच तक्त्यात वरच्या ओळीत. मला दिसलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी संचालकांची बैठक होती. माझी यादी तिथे जाणार होती आणि तिच्या जोरावर सूचनांच्या कागदाला मंजुरी मिळणार होती. मी चाचांना म्हटलं, राहिलेली गोष्ट सांगा, मी दुरुस्ती पाठवते. ते तयार होईनात.

"ह्यो नगरवाला खरा पॅनमन हाय का कंत्राटदाराचा माणूस, त्ये बघितल्याबिगर न्हाई."

तुम्ही म्हणाल, याला काही अंत आहे का. मलाही तसंच वाटलं. पण खरं सांगते, तोवर मलाही शंका येऊ लागली होती. मुलगी, सायबर कॅफे, उस्ताद. जरा जास्तच जमून आलं होतं. मी नगरच्या पत्त्यावर लिहिलं. उत्तर आलं, की शनिवारी डोळा दाखवायला पुण्याला जातोय, गाडी दौंडला थांबते, तिथे या.

मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन तेव्हा दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. त्यात बराच वेळ जाई. दौंडची माणसं त्या वेळात पाहुण्यांना जेवूसुद्धा घालत. आम्ही फलाटावर उभे राहिलो. चाचांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. दोघांनाही समोरचा माणूस ओळखू येणार नव्हता, आणि हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"आता कसं ओळखायचं?" मी विचारलं.

"गप उभं ऱ्हावा."

त्यांनी खिशातून काच काढली, हात वर केला आणि सूर्याकडे धरली. एक डोळा बारीक. रिकामी काच. येणारे-जाणारे बघायला लागले. एक हमाल म्हणाला, "चाचा, गिऱ्हान हाय का आज?" मी दोन पावलं बाजूला सरकले, हे कबूल करते.

गाडी लागली. इंजिन सुटून निघून गेलं. चार डबे सोडून पलीकडच्या दारात एक टोपीवाले गृहस्थ उभे होते. ते गर्दीवरून इकडेतिकडे बघत होते. त्यांची नजर चाचांवर आली. त्यांनी काही हाक मारली नाही. बंडीच्या खिशात हात घातला आणि आपली काच वर धरली.

मग दोघे फलाटावरच्या बाकावर बसले. टोपीवाल्यांनी, म्हणजे नगरच्या आप्पांनी, कागदाच्या पुडीतून आपल्या पॅनची साखर आणली होती. चाचांनीही आणली होती. नावगाव विचारायच्या आधी दोघांनी एकमेकांचा दाणा बघितला.

"तुमचा डावा डोळा गेलाय," चाचा म्हणाले. "डाव्या अंगाला जोडदाणा दिसतोय, त्यो तुमच्या नजरंतनं सुटला."

"म्हणून तर चाललोय पुण्याला," आप्पा म्हणाले. "आन् उस्ताद, तुमी पाणी सोडायच्या आदी काय करता?"

"व्हॅक्यूम दोन इंच उतरवायचा. पाक जरा तापू द्यायचा. बारका दाणा गरमीनं मरतो, मोठ्याला काय व्हत न्हाई. मग पाणी."

 आप्पांनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली. "तरीच! आरं तरीच!"

एवढंच होतं. दोन इंच. ज्यासाठी दोन माणसं इंजिन फिरेपर्यंत दौंडच्या फलाटावर बसली. शिट्टी झाल्यावर आप्पा दारात चढले आणि म्हणाले, "मला वाटलं, तुमीच कंत्राटदाराचे असाल."

गाडी गेल्यावर चाचा माझ्याकडे वळले. "आता लिव्हा. समद्यास्नी सांगा. माझं नाव घालून."

"आणि बैठकीत? तुम्ही लपवलं होतं, हेही सांगावं लागेल."

"त्येबी माझं नाव घालूनच सांगा."

सोमवारी मी दोन याद्या ठेवल्या. पहिली अकरा खुणांची. दुसरीत अकरा ठिकाणी "करून पाहिला नाही" आणि एका ठिकाणी "करून पाहिला, अडला, विचारलं, जमला". चीफ केमिस्ट साहेब म्हणाले, "बाई, तुमच्याच कामावर तुम्ही काट मारताय." मी म्हटलं, सर, कागद चुकीचा होता आणि अकरा ठिकाणी कुणाला पत्ता लागला नाही. जिथे पॅनमन उभा होता तिथेच लागला. नुसता कागद धरून उभ्या असलेल्या ऑपरेटरला तो कसा लागेल?  मग कार्यकारी संचालकांनी चाचांना बोलावलं आणि खडसावलं. माहिती लपवल्याबद्दल त्यांना लेखी समज मिळाली. ते पत्र त्यांनी खिडकीशी नेऊन उजेडाला धरलं, आणि पोच म्हणून सही केली.

कागदाचा प्रस्ताव पुढे ढकलला गेला. दोन्ही पॅनमन राहिले. मी ही बातमी द्यायला धावत वर गेले.

"ह्या साली," चाचा म्हणाले. हात वर गेला. "फुडच्या सालाचं कुणी बघितलंय?"

हंगाम संपला, ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी एकच हट्ट धरला, की कामगारांना मिळते ती साखर आपल्याला आपल्याच शेवटच्या पॅनमधली मिळावी. गोदामवाल्याने पोतं दाखवलं, तर त्याच्यावर विश्वास न ठेवता काच काढून खात्री केली.

पुढच्या हंगामाचा बॉयलर पेटायच्या आधीच, दिवाळीच्या अलीकडे, ते गेले. झोपेत. मी ग्रुपवर चार ओळी टाकल्या. तासाभरात उत्तरं यायला लागली. "भावपूर्ण श्रद्धांजली." "साखर उद्योगाची हानी." संध्याकाळपर्यंत अकरा. सवयीने मी मोजली. नगरचं उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. मनात आलं, हाही शेवटी तसाच निघाला. कामापुरता.

तिसऱ्या दिवशी गेटवरून निरोप आला, कुणी पाहुणे आलेत. आप्पा उभे होते. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, नवा चष्मा, हातात पिशवी.

"मुलीनं वाचून दाखवलं," ते म्हणाले. "अकरा जण म्हणतात, ते गेले. ते अकरा जण कोण हायेत ते आपल्याला ठाऊक हाय बाई. म्हटलं, सोता जाऊन बघावं." बोलताना त्यांचा आवाज जरा आशेवर होता. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि पिशवी खाली ठेवली.

मी रजा टाकली. आम्ही एस.टी.ने शिरूरच्या बाजूला, त्यांच्या वस्तीवर गेलो. घोडच्या काठी उंचवट्यावर कबरस्तान आहे. माती अजून ओली होती. आप्पा टोपी काढून हातात धरून बराच वेळ उभे राहिले.

घरी चाचींनी चहा ठेवला. साखरेचा डबा काढताना म्हणाल्या, "त्यांच्याच हातची हाय ही. आल्यागेल्याला हीच घालायची, म्हनून सांगून ठेवलं हुतं. तळाला गेली बगा आता."

आप्पांनी खिशातून काच काढली. दोन बोटांनी डब्यातली चिमूट घेतली, काचेवर ठेवली आणि दाराच्या उजेडाला धरली. नव्या डोळ्याने पाहिलं. चाची पदर सावरून उभ्या राहिल्या, मीही उभी राहिले. 

"एकसारखा," आप्पा म्हणाले.

त्यांनी आपल्या चहात साखर घालू दिली नाही. काच डब्यावर आडवी धरली आणि तिच्यावरचे दाणे बोटाने हळूच परत आत लोटले.